ऑस्ट्रेलिया १६ दिवसांत: तीन गावी तळ ठोका, बाकी सगळं डे टूरवर सोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-बाबा दोघंही सत्तरीच्या जवळ, बहीण मेलबर्नला टार्नीटमध्ये राहते, मे महिन्यात १६ दिवस हातात आहेत, आणि यादीत मेलबर्न, सिडनी, गोल्ड कोस्ट, केर्न्स, उलुरू, पर्थ, टास्मानिया एवढं सगळं आहे. हे एकेक दिवसाच्या छोट्या टूर्स घेऊन जमेल का, की सरळ मोठ्या ग्रुप टूरबरोबर जावं?

मी गेली १८ वर्षं टूर मॅनेजर म्हणून मराठी ग्रुप ऑस्ट्रेलियाला नेते, म्हणजे ग्रुप टूरवर माझं पोट चालतं, तरी सांगते की तुमच्या केसमध्ये ग्रुप टूर नको. बहीण तिथे आहे, दिवस भरपूर आहेत, आणि आई-बाबांना रोज सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर ठेवायला लावण्यात काही अर्थ नाही. छोट्या टूर्सनी जमेल, छान जमेल, पण यादी मात्र अर्धी करावी लागेल.

आधी देशाचा आकार डोक्यात नीट बसवा. ऑस्ट्रेलियाचं क्षेत्रफळ साधारण ७७ लाख चौरस किलोमीटर आहे, आपल्या भारताचं ३३ लाखाच्या आत, म्हणजे दुपटीहून मोठा देश आणि माणसं पावणेतीन कोटींच्या आसपास, तीसुद्धा बरीचशी किनाऱ्याला चिकटून. सिडनी ते पर्थ विमानाने जवळपास ३३०० किलोमीटर आहे, मुंबईहून दुबई याच्यापेक्षा जवळ. नकाशावर दोन ठिपके शेजारी दिसतात आणि मध्ये साडेतीन तासांचं विमान असतं, शिवाय एअरपोर्टला जाणं, थांबणं, बॅगा घेणं, म्हणजे एक शहर बदललं की अख्खा दिवस गेला असं धरूनच चाला. सात शहरं केलीत तर १६ पैकी सहा दिवस नुसते एअरपोर्टवर जातील.

म्हणून माझा हिशोब असा: तीन ठिकाणी तळ ठोकायचा, प्रत्येक ठिकाणी चार ते सहा रात्री, आणि तिथून एकेका दिवसाच्या टूर्स करून संध्याकाळी त्याच पलंगावर परत यायचं. तुमच्यासाठी मेलबर्न सहा रात्री, केर्न्स चार, सिडनी पाच. पर्थ आणि टास्मानिया यावेळी सोडा, बहीण तिथेच आहे म्हणजे पुन्हा जाणं होणारच आहे. गोल्ड कोस्टही सोडा असं मी म्हणेन, तिथलं मुख्य आकर्षण थीम पार्क आणि बीच, लहान मुलं बरोबर असतील तर गोष्ट वेगळी, सत्तरीच्या माणसांना तिथे दोन दिवस घालवण्याऐवजी केर्न्सला एक दिवस जास्त मिळाला तर तो जास्त लक्षात राहतो.

मे महिना निवडलात हे उत्तम केलंत, कदाचित सुट्टीमुळे निवडला असेल पण योगायोगाने बरोबर बसलाय. तिकडे ऋतू उलटे, मे म्हणजे शिशिराच्या उंबरठ्यावरचा महिना. उत्तरेला केर्न्समध्ये तेव्हा पावसाळा संपत आलेला असतो आणि हवा आपल्या कोकणातल्या डिसेंबरसारखी असते, मध्यभागी वाळवंटात दिवस सुखद आणि रात्री चांगल्याच गार, मेलबर्नला मात्र थंडी आणि झोंबरा वारा. आणि मुख्य गोष्ट जी कुणी सांगत नाही ती म्हणजे मेलबर्नला मे मध्ये सव्वापाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे डे टूरचं सगळं गणित बदलतं. काही टूर्स याने बिघडतात, काही चक्क सुधारतात.

सुधारणारी टूर म्हणजे फिलिप आयलंडचे पेंग्विन. मेलबर्नपासून साधारण १४० किलोमीटर. रोज अंधार पडला की समुद्रातून छोटे पेंग्विन बाहेर येतात, वाळू ओलांडून आपापल्या बिळात जातात, उंची साधारण ३३ सेंटिमीटर म्हणजे शाळेच्या फूटपट्टीपेक्षा जरा जास्त. डिसेंबर-जानेवारीत सूर्यास्त पावणेनऊला होतो, पेंग्विन त्यानंतर, आणि बस मेलबर्नला पोचेपर्यंत मध्यरात्र, मी कितीतरी आजी-आजोबांना बसमध्ये मान टाकून झोपलेलं बघितलंय. मे मध्ये तेच पेंग्विन साडेपाचच्या सुमाराला येतात आणि तुम्ही आठ-साडेआठला घरी. फक्त बसायला समुद्राकडे तोंड करून उघड्या पायऱ्या आहेत आणि वारा सरळ अंगावर येतो, तेव्हा थर्मल, कानटोपी, आणि बुडाखाली घालायला घडी केलेली शाल हवीच. फोटो काढायला पूर्ण बंदी आहे, मोबाइलनेसुद्धा, फ्लॅशने पक्षी बिचकतात म्हणून. बाबांना आधीच सांगून ठेवा म्हणजे तिथे वाद नको. मला तर ही बंदी फार आवडते, दोनशे माणसं अंधारात हात मांडीवर ठेवून गप्प समोर बघत बसलीयत असं दृश्य हल्ली कुठे मिळतं.

बिघडणारी टूर म्हणजे ग्रेट ओशन रोड, आणि यावर जरा जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. टॉर्कीपासून ॲलन्सफर्डपर्यंत २४३ किलोमीटरचा हा किनाऱ्याचा रस्ता पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी बांधला, १९१९ ला काम सुरू झालं आणि १९३२ ला पुरं झालं, युद्धात गेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. बरेचसे लोक याला 'ट्वेल्व्ह अपोस्टल्स बघायची टूर' म्हणतात. ते समुद्रातले चुनखडीचे सुळके मुळात नऊच होते, २००५ मध्ये एक कोसळला आणि आठ उरले, समुद्र रोज थोडं थोडं खातोय. जवळच लंडन ब्रिज नावाची दुहेरी कमान होती, ती १९९० च्या जानेवारीत किनाऱ्याच्या बाजूने तुटली आणि दोन पर्यटक पलीकडच्या तुकड्यावर अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. आणि लॉक आर्ड गॉर्ज, जिथे १८७८ मध्ये त्याच नावाचं जहाज फुटलं आणि ५४ पैकी फक्त दोघं वाचले. हे सगळं एका पट्ट्यात आहे, पण त्या पट्ट्यापर्यंत पोचायला मेलबर्नहून आतल्या रस्त्याने तीन तास लागतात आणि किनाऱ्याने गेलात तर थांबत थांबत पाच-सहा.

एका दिवसाची बस हे सगळं बारा-तेरा तासांत करते. मे मध्ये उजेड मिळतो जेमतेम दहा तास. म्हणजे एक बाजूचा प्रवास अंधारातच होणार. काही टूर्स उलट्या फिरतात, म्हणजे सकाळी आतल्या रस्त्याने थेट अपोस्टल्सला आणि दुपारी किनाऱ्याने परत, त्यात गर्दी कमी लागते आणि उजेडही नीट वापरला जातो, बस घ्यायचीच तर मे मध्ये उलटीच घ्या. तोटा एकच, तिकडे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात त्यामुळे टॉर्कीकडून जाताना समुद्र तुमच्या डाव्या खिडकीला लागून असतो, परत येताना मध्ये समोरची लेन येते. जाणारी बस असेल तर डावीकडे बसा, येणारी असेल तर उजवीकडे.

पण तुमच्याकडे बहीण आहे आणि ती राहते टार्नीटला, म्हणजे शहराच्या पश्चिमेला, ग्रेट ओशन रोडच्या वाटेवरच्या जिलॉंग शहराच्याच दिशेला. सिटीतून निघणारी बस पकडायला आई-बाबांना पहाटे उलट दिशेने सिटीत न्यायचं आणि मग त्याच बसने पुन्हा पश्चिमेला यायचं, हे कशासाठी? हा एक भाग बहिणीच्या गाडीने करा, एक रात्र अपोलो बे किंवा पोर्ट कॅम्पबेलला राहा. संध्याकाळी अपोस्टल्सवर ऊन तिरपं पडतं तेव्हा तिथे असायला हवं, आणि त्यानंतर अंधारात परत गाडी चालवायची नाही कारण कांगारू नेमके संध्याकाळी आणि पहाटे रस्त्यावर येतात. पार्किंगपासून बघायच्या जागेपर्यंत रस्त्याखालून सपाट वाट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमते. पायऱ्या उतरून खाली वाळूत जायचा मोह बाबांना झाला तर परत तेवढ्याच चढायच्या आहेत हे आठवण करून द्या.

मेलबर्नमध्ये आणखी एकच गोष्ट आवर्जून सांगेन, पफिंग बिली. बेलग्रेव्हहून सुटणारी वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी, १९०० सालापासूनची लाइन, माथेरानच्या राणीची मोठी बहीण म्हणा ना, तिचा गेज अडीच फूट आणि आपल्या माथेरानचा दोन. उंच नेच्याच्या झाडांतून जाते. यासाठी टूर लागत नाही, सिटीतून लोकल ट्रेनने बेलग्रेव्हला जाता येतं, फक्त जागा आधी ऑनलाइन बुक करा. मेलबर्न सिटीच्या मधल्या भागात ट्राम फुकट आहे, त्यामुळे पैसे देऊन सिटी टूर घेऊ नका, ट्राममध्ये बसा आणि आवडेल तिथे उतरा.

आता केर्न्स. ग्रेट बॅरियर रीफ, म्हणजे समुद्रातली प्रवाळाची रांग, २३०० किलोमीटरहून लांब आहे आणि तुम्ही त्यातला एखादा ठिपका एका दिवसात बघणार आहात, तो ठिपका पुरतो. केर्न्सला पोचल्यावर पहिल्या पूर्ण दिवशीच रीफची बोट घ्या, शेवटच्या दिवशी कधीच ठेवू नका. कारण हवा बिघडली आणि बोट रद्द झाली तर पुढचे दिवस हातात राहतात. शिवाय तुमच्यापैकी कुणी स्कूबा केलं तर त्यानंतर जवळपास २४ तास विमानात बसता येत नाही, नुसतं स्नॉर्केलिंग केलं तर तो प्रश्न नाही. एकदा एका ग्रुपचं वेळापत्रक ज्यांनी आखलं त्यांनी रीफ शेवटच्या सकाळी ठेवली होती, वाऱ्याने बोट सुटली नाही, आणि एक काका जे वर्षभर पोहायला शिकत होते ते तसेच मुंबईला परत आले. त्यांचा चेहरा अजून आठवतो, तेव्हापासून मी ही चूक होऊ देत नाही.

आई-बाबांसाठी बोट निवडताना पॉंटून असलेली निवडा, म्हणजे समुद्रात नांगरलेला मोठा तराफा, तिथे तीन-चार तास बोट थांबते. ज्यांना पाण्यात उतरायचं नाही त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बोट आणि अर्धपाणबुडी असते, खिडकीतून प्रवाळ आणि मासे बघायचे, केस ओले न करता. पाण्यात उतरायचं असेल तर एक फॉर्म भरून घेतात, हृदयविकार, दमा, फिट्स वगैरे विचारतात. खरं लिहा. वय आणि आजार बघून ते वेगळ्या रंगाचं जॅकेट देतात, तरंगायला फोमची नळी देतात आणि गाईड जवळ राहतो, हे सगळं आई-बाबांच्या भल्याचंच आहे, खोटं लिहिलं की नेमकी ती नजर त्यांच्यावर राहत नाही. जेलीफिशचा हंगाम नोव्हेंबर ते मे, त्यामुळे अंगभर पातळ सूट घालायला देतात. आपल्याकडच्या बायकांना पोहण्याचा ड्रेस घालायचा संकोच असतो, आणि या सूटमुळे तो प्रश्नच मिटतो, मानेपासून घोट्यापर्यंत सगळं झाकलेलं. आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात तोंड बुडवून मासे बघितलेल्या ६८ वर्षांच्या काकू पाण्याबाहेर येऊन रडल्या होत्या, म्हणून म्हणते आईंना 'तू नको, तू वर बस' असं परस्पर ठरवू नका, विचारा.

मे मध्ये वारा असतो आणि बोट हलते. उलटीची गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला बसायचं. कुठली गोळी ते मात्र त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनाच विचारा, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच.

केर्न्सची दुसरी टूर कुरांडा, डोंगरावर जंगलातलं छोटं गाव. १८९१ ची रेल्वे, १५ बोगदे, डोंगराच्या कडेने धबधब्यासमोरून, पावणेदोन-दोन तास, कर्जत ते खंडाळा आवडणाऱ्या कुणालाही आवडेल. ट्रेनने वर आणि साडेसात किलोमीटरच्या स्कायरेलने, म्हणजे रोपवेने, जंगलावरून खाली. रीफच्या दुसऱ्या दिवशी हीच ठेवा, चालणं कमी, बसून बघणं जास्त. तिसरा दिवस रिकामा. रिकामा म्हणजे खरंच रिकामा, कपडे धुवा, समुद्राकाठी बाकावर बसा, पोह्यांचं पाकीट काढून अपार्टमेंटमध्ये पोहे करा. सलग तीन दिवस टूर्स घेतल्या की चौथ्या दिवशी कुणीतरी आजारी पडतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मी रिकामा दिवस ठेवल्याशिवाय कुणाचाही प्लॅन पास करत नाही.

सिडनीबद्दल थोडक्यात. सिटी टूरची गरज नाही. सर्क्युलर कीहून मॅनलीची फेरी पकडा, अर्ध्या तासात ऑपेरा हाउस आणि हार्बर ब्रिज दोन्ही पाण्यावरून दिसतात, आणि तिकीट साध्या लोकल प्रवासाचं. बँक कार्ड टॅप केलं की झालं, दिवसाला ठरावीक रकमेच्या वर पैसे कापतच नाहीत आणि वीकेंडला ती मर्यादा आणखी कमी. ब्लू माउंटन्सला मात्र तुमच्यासाठी टूर घ्या. तिथल्या कटूंबा गावापर्यंत ट्रेनने दोन तासांत जाता येतं, तरुण माणसांना मी ट्रेनच सांगते, पण थ्री सिस्टर्सचे सुळके जिथून दिसतात ती जागा स्टेशनपासून लांब आहे, तिथून पुढे पुन्हा बस, थंडीत उभं राहणं, त्यापेक्षा २० सीटची छोटी बस बरी. तिथली खाणीतली जुनी रेल्वे ५२ अंशांच्या उतारावरून खाली जाते, पाठदुखी असेल तर तिच्याऐवजी केबल कारने उतरा, दरी तीच आहे.

राहिला उलुरू, वाळवंटातला तो प्रचंड लाल खडक. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात जास्त फसगतही इथेच. लोक ॲलिस स्प्रिंग्जला उतरतात, कारण नकाशावर उलुरू शेजारी दिसतो. अंतर आहे ४५० किलोमीटर, एका बाजूचं. ॲलिसहून एका दिवसाची टूर मिळते, पहाटे निघून मध्यरात्री परत. म्हणजे पुण्याहून सकाळी निघून गोव्यात सूर्यास्त बघायचा आणि त्याच रात्री पुण्याला परत, आई-बाबांना कराल असं? माझा एक ग्रुप एका एजंटने असाच पाठवला होता, सूर्यास्ताच्या वेळी निम्मी माणसं बसमध्येच डोळे मिटून बसली होती, ज्यासाठी एवढ्या लांब आलो ते समोर पेटलेलं असताना.

त्यामुळे उलुरू करायचा तर सिडनीहून थेट विमान उलुरूच्या शेजारच्या एअरपोर्टला जातं, साडेतीन तास, त्याने जा आणि दोन रात्री राहा. मोठ्या बॅगा सिडनीच्या हॉटेलात ठेवून फक्त छोटी बॅग न्या, तिथल्या स्वस्त विमानांना केबिन बॅग सात किलोची आणि खरंच वजन करतात. घड्याळ अर्धा तास मागे करावं लागेल. दोन रात्रींत एक सूर्यास्त, एक सूर्योदय आणि शेजारच्या काटा जुटाचे खडकाचे घुमट बसतात. उलुरू ३४८ मीटर उंच, घेर नऊ किलोमीटरच्या वर, पण तो पूर्ण फिरायची गरज नाही, मुटिजुलूच्या पाणवठ्याची छोटी सपाट वाट पुरे, खडकाला अगदी खेटून जाते. २६ ऑक्टोबर २०१९ पासून वर चढायला बंदी आहे, आणि तारीख मुद्दाम तीच, कारण २६ ऑक्टोबर १९८५ ला ही जमीन तिथल्या मूळ रहिवासी अनांगू लोकांना परत देण्यात आली होती. त्यांच्यासाठी ते देवस्थान आहे, काही जागी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत. आपल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही, एक आजोबा तिथे पोचल्यावर सहज चपला काढायला वाकले होते.

पण मुद्दा असा की सिडनीच्या पाच रात्रींतल्या दोन उलुरूला गेल्या तर सिडनीला तीनच उरतात, आणि हे आधी ठरवू नका. विमानाचं तिकीट आधी घेतलं तर स्वस्त पडतं हे खरं, तरी तुमच्या जागी मी आधी आई-बाबांना सह्याद्रीत कुठेतरी दोन दिवसांच्या ट्रिपला नेऊन बघेन, सलग दोन पहाटे उठणं झेपतं का ते. झेपलं तर उलुरू घ्या, नाही तर ब्लू माउंटन्सला एक रात्र राहा, तेही सुंदर आहे.

कुठलीही डे टूर बुक करताना मी तीन गोष्टी विचारते. बसमध्ये किती तास आणि जमिनीवर किती तास, हे स्पष्ट आकड्यात. पिकअप नक्की कुठून, कारण बहुतेक टूर्स सिटीतल्या हॉटेलांवरूनच घेतात, टार्नीटला कुणी येणार नाही. आणि बस किती सीटची, छोट्या बसचा ड्रायव्हरच गाईड असतो, रस्त्यात झाडावर कोआला दिसला तर थांबवतो, पन्नास सीटच्या कोचला ते जमत नाही. दोन्ही प्रकारच्या बसच्या ड्रायव्हरच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे म्हणून 'अजून दहा मिनिटं' चालत नाही, दिलेल्या वेळेला बस सुटते, आई-बाबांच्या मोबाइलमध्ये गाईडचा नंबर घालून ठेवा.

आणि खाण्याचं. डे टूरच्या जेवणात शाकाहारी म्हणजे बऱ्याचदा सॅलड आणि ब्रेड. बहिणीकडून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन निघा, बसमध्ये खाऊ देत नाहीत पण थांब्यावर बाकं असतात. भारतातून नेणार असाल तर एअरपोर्टच्या कार्डावर खाण्याचं सगळं सगळं लिहा, मेतकूट असो की लाडू, लिहिलेलं असलं तर फार तर काढून घेतात, न लिहिता सापडलं तर मोठा दंड होतो. कढीपत्ता, बी-बियाणं, दुधाची मिठाई नेऊच नका.

तारखा पक्क्या झाल्या की पहिल्यांदा पेंग्विन आणि रीफ बुक करा, बाकीचं नंतर. आणि पेंग्विन पोचल्याच्या दिवशी नको, तिसऱ्या संध्याकाळी ठेवा, तोवर झोप जागेवर येते.